समुद्राचा राखणदार कोणाच्या पदरी?

नोएडाच्या सेक्टर ७३ मध्ये तेल उद्योग विकास मंडळाची एक वास्तू आहे. तिच्या एका मनोऱ्यात हायड्रोकार्बन महासंचालनालय बसते. भारताच्या समुद्रतळाचे ब्लॉक पाडणे, ते बोलीला काढणे, कंपन्यांना आमंत्रण देणे आणि उत्पादन वाढेल असे पाहणे, हे त्याचे काम. शेजारच्या मनोऱ्यात तेल उद्योग सुरक्षा संचालनालय बसते. त्याच समुद्रतळावर विहीर खोदताना माणसे मरू नयेत, आग लागू नये, तेल सांडू नये, यावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. एकाने घाई करायची आणि दुसऱ्याने वेळ आली तर ती घाई थांबवायची, अशी ही रचना. पण दोन्ही कार्यालये उत्तरदायी आहेत ती एकाच पेट्रोलियम मंत्रालयाला. सुरक्षा संचालनालयावर ज्या सुरक्षा परिषदेची देखरेख असते, तिच्या अध्यक्षस्थानी त्याच मंत्रालयाचे सचिव असतात. संचालनालयातले तज्ज्ञही मुख्यतः तेलकंपन्यांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात.

ही रचना तशी जुनी आहे आणि तिच्याबद्दल दिल्लीत फारशी कोणाची तक्रार नसते. पण गेल्या दीड वर्षात संसदेने तेलक्षेत्रांचा मूळ कायदा बदलला, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील शोधमोहिमेची घोषणा केली आणि अंदमानच्या समुद्रात वायू सापडल्याचे जाहीर झाले. अशा वेळी राखणदार कोणाच्या पदरी आहे, हा प्रश्न देशाच्या ऊर्जाधोरणातला पहिला प्रश्न व्हायला हवा होता. नव्या कायद्याने त्याला हातही लावला नाही, आणि कायद्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचा सगळा भर दुसरीकडेच राहिला.

आधी घटनाक्रम. तेलक्षेत्रे (विनियमन आणि विकास) कायदा १९४८ चा. त्यात दुरुस्ती करणारे विधेयक ५ ऑगस्ट २०२४ रोजी राज्यसभेत मांडले गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी राज्यसभेने आणि १२ मार्च २०२५ रोजी लोकसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. १५ एप्रिल २०२५ पासून तो कायदा अमलात आला. ‘खनिज तेल’ या संज्ञेत आता कच्चे तेल आणि नैसर्गिक वायू यांच्याबरोबर कोळशाच्या थरांतील मिथेन, शेल वायू आणि वायू-हायड्रेटही आले. ‘खाणपट्टा’ या शब्दाच्या जागी ‘पेट्रोलियम पट्टा’ आला. जुन्या कायद्यात उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड होता. नव्या कायद्याने कैद काढून टाकली, दंड २५ लाख रुपयांपर्यंत नेला आणि उल्लंघन चालूच राहिले तर दिवसाला १० लाखांपर्यंत वाढीव दंडाची तरतूद केली. दंड ठरवणार केंद्र सरकारचा सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी. पर्यावरणरक्षण आणि उत्सर्जन यांबाबतचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला गेला.

सत्ताधारी बाजूचा युक्तिवाद साधा होता आणि तो पोकळ नव्हता. देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल बाहेरून विकत घेतो. तेलशोधात पैसा घातल्यापासून पहिले पिंप हाती येईपर्यंत अनेक वर्षे जातात. एवढा काळ पट्ट्याच्या अटी बदलणार नाहीत याची खात्री नसेल, तर खोल समुद्रात पैसा ओतायला कोण येईल? वाद झालाच तर तो लवकर आणि ठरलेल्या मार्गाने सुटला पाहिजे. लहान चुकांसाठी तुरुंगाची भीती नको. यात अवाजवी असे काही नाही.

विरोधी बाकांवरचा आक्षेपही पोकळ नव्हता. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला होता, की स्वामित्वधन म्हणजे कर नव्हे, आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. त्यानंतर अकराव्या दिवशी हे विधेयक आले. तेव्हा ‘खाणपट्टा’ जाऊन ‘पेट्रोलियम पट्टा’ येण्यामागे राज्यांना त्या करापासून दूर ठेवण्याचा हेतू आहे, असा संशय विरोधकांनी घेतला. सार्वजनिक कंपन्यांनी पन्नास वर्षे घाम गाळून उभे केलेले क्षेत्र खासगी हातांत जाईल, ही दुसरी भीती. विधेयकाची संसदीय समितीपुढे छाननी व्हावी ही अपेक्षा तिसरी, आणि ती तर अगदी रास्त होती.

पण समुद्रापुरते बोलायचे, तर हा वाद किनाऱ्यावरच अडकला. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक सागर, सागरमग्न खंडभूमी आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांतील खनिजे संघराज्याच्या, म्हणजे केंद्राच्या मालकीची आहेत. मुंबई हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. तिथल्या तेलावरचे स्वामित्वधन महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही, ते केंद्राला जाते. आसाम, गुजरात, राजस्थान किंवा कावेरीचा त्रिभुजप्रदेश यांच्यासाठी राज्यांच्या हक्काचा मुद्दा जिवंत आहे. कोकणातल्या किंवा अंदमानातल्या मच्छीमारासाठी तो जवळजवळ निरर्थक आहे. त्याला पट्ट्यावरचा कर कोण घेणार याचे देणेघेणे नाही. त्याच्या जाळ्यात उद्या मासळीऐवजी काळा तवंग आला तर कोणाच्या दारात जायचे, एवढे त्याला कळायला हवे आहे. त्याचे उत्तर या कायद्याच्या एकाही कलमात नाही.

या भांडणात खडकांचे म्हणणेही कोणी विचारात घेतले नाही. मुंबई हायमध्ये ‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मार्च १९८५ मध्ये तिथून दिवसाला सुमारे ४ लाख ७१ हजार पिंपे निघत होती. आज तो आकडा सुमारे १ लाख ३४ हजारांवर आला आहे, आणि घसरण रोखण्यासाठी ओएनजीसीने २०२५ च्या आरंभी ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक मदतीसाठी सोबत घेतले. संपूर्ण देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३.८१ कोटी टन होते, ते २०२४-२५ मध्ये सुमारे २.८७ कोटी टनांवर आले. मार्च २०१५ मध्ये सरकारने २०२२ पर्यंत आयातीवरचे अवलंबन दहा टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठेवले होते. तेव्हा ते ७७ टक्क्यांच्या आसपास होते. प्रत्यक्षात ते वाढले.

याचा दोष एका पक्षाच्या माथी मारणे सोपे आहे, पण खरे नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील केजी-डी६ या क्षेत्रातला वायू २००२ मध्ये, वाजपेयी सरकारच्या काळात सापडला. २००९ मध्ये, मनमोहन सिंग सरकारच्या काळात तिथून उत्पादन सुरू झाले. २०१० मध्ये ते दिवसाला सहा कोटी घनमीटरच्या घरात गेले, तीन वर्षांत त्याच्या चौथाईच्याही खाली घसरले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्या मूळ क्षेत्रांतले उत्पादन थांबले. त्याच खोऱ्यात गुजरात सरकारच्या कंपनीने २००५ मध्ये २० लाख कोटी घनफूट वायू असल्याचे जाहीर केले होते. ती स्वप्ने विरली आणि २०१७ मध्ये त्या क्षेत्राचा मोठा हिस्सा ओएनजीसीने सुमारे ७,७०० कोटी रुपयांना घेतला. दाब, सच्छिद्रता, वाळूचा शिरकाव, पाण्याची चढती पातळी यांना पक्ष नसतो. घोषणा दिल्लीत होते, निकाल मात्र समुद्रतळाखालचा थर देतो.

म्हणूनच अंदमानच्या बातमीकडे विज्ञानाच्या नजरेने पाहायला हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘श्री विजयपुरम-२’ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचे जाहीर झाले. विहीर किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर खोल पाण्यात. वायूत ८७ टक्के मिथेन. अंदमान खोऱ्यात हायड्रोकार्बन आहेत हा वैज्ञानिकांचा जुना अंदाज खरा ठरला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वायूचे अस्तित्व आणि वायूचा साठा यांत तेवढेच अंतर असते, जेवढे पाण्याच्या थेंबात आणि विहिरीत. आणि हा समुद्र साधा नाही. इथेच बॅरन बेटाचा जिवंत ज्वालामुखी आहे. २६ डिसेंबर २००४ चा महाभूकंप याच भूपट्टसीमेवरचा. अंदमान-निकोबार भूकंपप्रवणतेच्या सर्वोच्च श्रेणीत मोडतात. जिथे जमीनच हलते, तिथे विहिरीवर नजर ठेवणारा आणखी ठाम हवा.

भारताने हे धडे घेतलेले नाहीत असे नाही. किंमत मोजूनच घेतले आहेत. १९८२ मध्ये मुंबई हायमध्ये ‘सागर विकास’ या रिगवर विहिरीचा स्फोट झाला, तेव्हा तो आटोक्यात आणण्यासाठी परदेशी तज्ज्ञ बोलवावे लागले. २७ जुलै २००५ रोजी, मुंबई अतिवृष्टीने बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, खवळलेल्या समुद्रात ‘समुद्र सुरक्षा’ हे मदतजहाज जखमी खलाशाला प्लॅटफॉर्मवर पोचवण्यासाठी मुंबई हाय नॉर्थजवळ गेले. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. जहाज समुद्रतळातून वायू वर आणणाऱ्या नळीवर आदळले, नळी फुटली, आणि सुमारे दोन तासांत सगळा प्लॅटफॉर्म जळून कोसळला. २२ जण गेले. जखमी होता तो जहाजावरचा स्वयंपाकी, आणि इजा होती ती हाताच्या बोटांना. एका बोटाच्या जखमेपासून संपूर्ण प्लॅटफॉर्म नष्ट होण्यापर्यंतचा प्रवास एका दुपारीत घडू शकतो, हे समुद्रातल्या उद्योगाचे स्वरूप आहे.

त्या आगीनंतर २००८ मध्ये सागरी कामांच्या सुरक्षेचे नियम आले आणि त्यांची अंमलबजावणी सुरक्षा संचालनालयाकडे सोपवली गेली. नियम आले हे चांगलेच झाले. पण राखणदाराचे स्थान बदलले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायच्या कामावरचा ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. चौकशीसाठी जी उच्चस्तरीय समिती नेमली गेली, तिच्या तीन सदस्यांत हायड्रोकार्बन महासंचालनालयाचे प्रमुख होते. त्या व्यक्तीच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण उत्पादन वाढवण्याची जबाबदारी ज्या पदावर आहे, त्याच पदाला उत्पादनाच्या घाईत काय चुकले हे शोधायला लावणे, ही रचनेची चूक आहे. न्यायदानात असे चालत नाही, क्रिकेटच्या मैदानावरही चालत नाही.

जगाने हा धडा एकदा नव्हे, तीनदा गिरवला आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ जण मृत्युमुखी पडले. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. त्यांतली सर्वांत मूलगामी अशी, की सागरी सुरक्षेचे काम ऊर्जा खात्याकडून काढून स्वतंत्र आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेकडे द्यावे. ब्रिटनने ते दिले. नॉर्वेने २००४ मध्ये तेलसंसाधनांचा विभाग आणि तेलसुरक्षेचा विभाग वेगळे केले. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट होऊन ११ जण गेले आणि विहीर ८७ दिवस ओकत राहिली. तेव्हा अमेरिकेत पट्टे देणारी, महसूल गोळा करणारी आणि सुरक्षा तपासणारी संस्था एकच होती. स्फोटानंतर तिचे तीन तुकडे करावे लागले. तिन्ही देशांत पक्षीय भांडणे तीव्र होती आणि आहेत. तरी पट्टा देणाऱ्याच्या हाती शिट्टी नसावी, या तत्त्वावर तिथे एकमत झाले. दोन देशांना त्यासाठी प्रेतांची वाट पाहावी लागली. नॉर्वेने ते शांतपणे केले. भारतापुढे दोन्ही मार्ग मोकळे आहेत.

इथे एक आक्षेप येईल. भारतीय राजकारणात असे एकमत होतच नाही, मग असल्या अपेक्षा कशाला? इतिहास वेगळे सांगतो. २०१० मध्ये अणुअपघाताच्या नागरी दायित्वाचे विधेयक संसदेत आले. ते मांडणारे मंत्री होते पृथ्वीराज चव्हाण, आणि त्याची सावली पडत होती रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरवर. त्या जूनमध्येच भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला होता आणि देश संतापलेला होता. विधेयक स्थायी समितीकडे गेले. अणुभट्टी चालवणाऱ्याच्या दायित्वाची मर्यादा ५०० कोटींवरून १,५०० कोटींवर गेली. सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याचे कलम १७ तर शब्दाशब्दांनी लढवले गेले. दोन उपकलमांमध्ये ‘आणि’ हा शब्द घुसला तेव्हा भाजपने हरकत घेतली आणि तो निघाला. मग ‘हेतुपुरस्सर’ अशा अर्थाची अट घुसली, तेव्हा भाजप आणि डावे उभे राहिले आणि तीही निघाली. २५ ऑगस्टला लोकसभेने विधेयक मंजूर केले. एका ‘आणि’वर संसद अडली, कारण त्या एका शब्दाने पीडितांचा हक्क बदलणार होता. तडजोड म्हणतात ती ही. तडजोड म्हणजे दोघांनी अर्धे-अर्धे सोडणे एवढेच नसते. ज्याच्या बाजूने सभागृहात कोणी बसलेले नाही त्याच्यासाठी दोघांनी मिळून काहीतरी राखणे, हाही तिचा अर्थ असतो.

त्या तडजोडीचे पुढे काय झाले, हा भाग अधिक बोलका आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ‘शांति’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा नवा अणुऊर्जा कायदा आला, २०१० चा कायदा रद्द झाला आणि पुरवठादाराकडून वसुलीचे ते झुंजून मिळवलेले कलम गेले. २०१० मध्ये जो पक्ष विरोधात बसून त्या कलमासाठी अडला होता, त्याच्याच सरकारने ते काढले. २०१० मध्ये ज्या पक्षाच्या सरकारला ते कलम सौम्य हवे होते, तो आता विरोधात बसून ते वाचवण्याची भाषा बोलू लागला. बाक बदलले की भूमिका बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण भारतीय विज्ञानधोरणात शोधून सापडणार नाही. मात्र त्याच नव्या कायद्याने एक गोष्ट योग्य केली: अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याने वैधानिक स्थान दिले. म्हणजे जोखमीच्या उद्योगाच्या नियामकाला कायद्याचा आधार हवा, हे तत्त्व याच संसदेला, याच सरकारला मान्य आहे. मग जे अणुभट्टीला लागू, ते समुद्रातल्या विहिरीला का नाही?

घाईचे मूळ एका आकड्यात दिसते. संसदीय कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. समितीची खोली म्हणजे वैज्ञानिकाला साक्ष देता येईल अशी संसदेतली एकमेव जागा. भर सभागृहात भूगर्भशास्त्रज्ञ बोलू शकत नाही, समितीपुढे बोलू शकतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक, तेलाचा तवंग कोणत्या दिशेला वाहत जाईल याचे अंदाज देणारी हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आणि तेलगळतीशी झुंजणारे तटरक्षक दल यांना समितीने बोलावले असते, तर कायद्यात कोणती कलमे कमी आहेत हे संसदेला त्यांच्याकडूनच कळले असते. ती खोली बंद ठेवून सत्ताधाऱ्यांनी वेळ वाचवला. पण बाहेर राहिलेल्या विरोधकांनीही आपली हरकत मुख्यतः कर आणि खासगीकरण यांच्याच भाषेत मांडली.

कायद्यात जे नव्हते ते नियमांत आले, असे सरकार म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. २०२५ च्या मध्यावर आलेल्या नियमांच्या मसुद्यात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची नोंद, क्षेत्र पूर्ववत करण्यासाठीचा निधी आणि विहीर बंद झाल्यावर किमान पाच वर्षे देखरेख अशा तरतुदी होत्या. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. परंतु नियम म्हणजे कार्यपालिकेने लिहिलेला आणि कार्यपालिकेनेच पुसता येणारा मजकूर. त्याचा प्रत्यय याआधीच आला आहे. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने एका अधिसूचनेद्वारे जमिनीवरच्या आणि समुद्रातल्या तेल-वायू शोधाचे प्रकल्प ‘अ’ वर्गातून काढून ‘ब-२’ वर्गात टाकले. परिणामी शोधविहिरीसाठी पर्यावरण-परिणाम अहवाल आणि जनसुनावणी या दोन्हींची गरज उरली नाही. उत्पादनाचा टप्पा पूर्वीच्याच वर्गात राहिला. पण ‘डीपवॉटर होरायझन’ स्फोटाच्या वेळी जी विहीर खोदत होता, ती शोधविहीरच होती. थरातला दाब किती हे नेमके ठाऊक नसते, म्हणूनच शोधविहिरीत धोका असतो.

आणि आता व्याख्येत वायू-हायड्रेटही आले आहेत. पाण्याच्या रेणूंच्या बर्फासारख्या पिंजऱ्यात अडकलेले मिथेन म्हणजे हायड्रेट. थंडी आणि दाब यांच्यामुळे ते समुद्रतळात स्थिर असते. २००६ आणि २०१५ च्या राष्ट्रीय मोहिमांनी कृष्णा-गोदावरी खोऱ्यात त्याचे लक्षणीय साठे दाखवले. ते व्यापारी प्रमाणात काढण्याचे तंत्र जगात अद्याप कोणाकडेही सिद्ध झालेले नाही. दाब कमी केला की हायड्रेट विरघळते, तसा त्याने धरून ठेवलेला गाळ सैल होतो आणि उतारावरचा तळ घसरू शकतो. ज्या पदार्थाचे उत्खनन अजून प्रयोगाच्या पातळीवर आहे, त्याला पट्ट्याच्या कायद्यात जागा मिळाली. त्याच्या देखरेखीला त्याच कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली नाही.

दंडाचाही हिशेब करून पाहावा. खोल पाण्यातल्या रिगचे एका दिवसाचे भाडे काही लाख डॉलर असते. २५ लाख रुपये म्हणजे तीस हजार डॉलरही नाहीत. म्हणजे कायदा मोडल्याचा दंड हा रिगच्या काही तासांच्या भाड्याइतका. तुरुंग काढला हे मान्य करता येईल. पण तुरुंगाच्या जागी जे आले, त्याने मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात एक ओळसुद्धा हलणार नाही. शिवाय दंड सरकारी तिजोरीत जातो, मच्छीमाराच्या घरात जात नाही. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील मोन्तारा विहिरीतून दहा आठवड्यांहून अधिक काळ तेल वाहत होते. त्यात इंडोनेशियाच्या किनाऱ्यावर समुद्रशैवालाची शेती करणाऱ्यांचे पीक गेले. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात आपल्या बाजूने निकाल मिळायला २०२१ उजाडले. पालघर-डहाणूच्या पट्ट्यातले मच्छीमार तेलशोधाच्या भूकंपीय सर्वेक्षणांमुळे मासेमारीचा हंगाम बुडतो म्हणून आजच भरपाई मागत असतात. सर्वेक्षणालाच जिथे हे, तिथे गळती झाली तर काय, याचा विचार गळतीनंतर करून चालणार नाही.

स्वतंत्र नियामक आला की गुंतवणूकदार पळतील, हे भय दाखवले जाईल. नॉर्वेचा अनुभव त्याला पुरेसे उत्तर आहे. नियम कडक, नियामक स्वतंत्र, आणि तरीही दोन दशके कंपन्या तिथल्या समुद्रात रांगेत उभ्या आहेत. गुंतवणूकदाराला अनिश्चिततेची भीती असते. एका मोठ्या अपघातानंतर सगळे काम वर्षभर ठप्प होणे, यापेक्षा मोठी अनिश्चितता कोणती? दुसरीकडून असेही म्हटले जाईल, की २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिलेल्या देशाने समुद्रात नवी भोके पाडूच नयेत. हा वाद गंभीर आहे आणि तो झालाच पाहिजे. पण तो सुटेपर्यंत जुन्या विहिरी चालूच राहणार आहेत, जुन्या नळ्या गंजतच राहणार आहेत आणि थकलेले प्लॅटफॉर्म कधीतरी मोडावेच लागणार आहेत. नवी विहीर नको म्हणणाऱ्यालाही जुन्या विहिरीचा राखणदार लागतोच.

तेव्हा तडजोडीचा मसुदा अवघड नाही. सरकारला हवी ती पट्ट्याची स्थिरता मिळावी. त्याच्या बदल्यात सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या छत्राखालून बाहेर यावे, संसदेच्या कायद्याने उभे राहावे, त्याला स्वतःचे कर्मचारी, स्वतःचा निधी आणि विहीर थांबवण्याचा अधिकार असावा, आणि त्याने वर्षाचा अहवाल संसदेला द्यावा. गळतीच्या भरपाईचे दायित्व कायद्यात लिहिले जावे आणि बाधिताला ते थेट मागता यावे. बोलीला काढण्यापूर्वी त्या समुद्राची मूळ स्थिती मोजली जावी. नोएडाच्या राष्ट्रीय माहिती भांडारात खडकांची आणि विहिरींची माहिती जमा होते. तिच्याशेजारी प्रवाळ, मासळी आणि प्रवाह यांची माहिती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. ४,०७७ कोटींची खोल महासागर मोहीम देशाने २०२१ मध्येच मंजूर केली आहे आणि खोल समुद्रातील जैवविविधतेचा अभ्यास हा तिचाच एक भाग आहे. या चारही गोष्टींत कोणत्याही पक्षाच्या विचारसरणीला बाधा येत नाही. त्यामुळे त्या करण्याचे श्रेय कोणा एकाला मिळणार नाही, आणि बहुधा म्हणूनच त्या होत नाहीत.

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी खोल समुद्रातील शोधमोहिमेला ‘समुद्रमंथन’ म्हटले. नाव विचारपूर्वक निवडले असेल, तर कथाही पूर्ण लक्षात घ्यावी. मंथनाला देव आणि दानव दोघेही लागले होते, एका बाजूने दोर ओढून समुद्र घुसळला जात नाही. आणि अमृताच्या आधी वर आले ते हलाहल. तिथे ते पचवणारा कोणीतरी पुढे झाला. मुंबई हायच्या समुद्रात १९८२ मध्ये, २००५ मध्ये आणि २०२१ मध्ये ते कोणाच्या वाट्याला आले, हे ठाऊक आहे: रिगवरच्या कामगारांच्या, तराफ्यावरच्या कंत्राटी मजुरांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या. संसदेत दोर ओढणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही घशाखाली त्याचा थेंब गेलेला नाही.